‘लडाइट’ : एका संज्ञेचा अर्थापकर्ष

एखाद्या समूहाचे नाव हळूहळू एखाद्या दुर्गुणाचे नाव होऊन बसावे, हा प्रकार भाषेच्या इतिहासात नवा नाही. मराठीतील ‘भामटा’ आणि ‘बेरड’ हे शब्द मुळात जमातींची नावे होत. आज पहिल्याने ठक आणि दुसऱ्याने निगरगट्ट मनुष्य सूचित होतो, आणि बोलणाऱ्यास आपण कोणावर अन्याय करीत आहोत याची जाणीवही नसते. अशा अर्थापकर्षाचा आरंभ पुष्कळदा विजयी पक्षाच्या कचेरीत होतो; कोशात तो मागाहून स्थिरावतो. इंग्रजीतील ‘लडाइट’ ही संज्ञा याच जातीची आहे. यंत्रासंबंधीच्या आजच्या वादात ती सर्रास वापरली जाते आणि तिचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, समोरच्या माणसाला नव्याची भीती वाटते, यंत्र त्याला कळत नाही, आणि म्हणून त्याच्या म्हणण्याची दखल घेण्याचे कारण नाही.

ही संज्ञा किती पोकळ झाली आहे याचे एक उदाहरण पुरेसे आहे. एक अमेरिकन धोरणसंस्था तंत्रज्ञानाच्या विरोधकांना उपहासाने दरवर्षी ‘लडाइट पुरस्कार’ देत असे. २०१६ च्या जानेवारीत तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांचा इशारा देणाऱ्यांना जाहीर झाला, आणि त्यांत भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग व उद्योजक इलॉन मस्क यांची गणना झाली. अग्निबाण व विजेवरील मोटारी बनविणारा कारखानदार आणि कृष्णविवरांचा अभ्यासक यांना जे विशेषण एकाच दमात लावता येते, ते वर्णन उरलेले नसते. ती केवळ हेटाळणी असते. तथापि प्रश्न त्या दोघांवरील अन्यायाचा नाही. ज्यांचे नाव उसने घेतले त्यांच्या म्हणण्याचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

‘नेड लड’ या नावाचा मनुष्य होऊन गेला की नाही, हे सिद्ध झालेले नाही. लेस्टरजवळच्या एका गावातील एका उमेदवार पोराने मालकाच्या जाचाला कंटाळून मोजे विणण्याचे यंत्र फोडले, अशी आख्यायिका होती. ती १८११ च्या डिसेंबरात नॉटिंगहॅमच्या एका वृत्तपत्राने छापली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आर्नोल्ड गावी साठाहून अधिक यंत्रे फोडली गेली होती, आणि पुढील वर्षभरात त्या परगण्यात फुटलेल्या यंत्रांची संख्या हजाराच्या घरात गेली. पत्रांवर सही असे ती ‘जनरल लड’, ‘कॅप्टन लड’ किंवा ‘राजा लड’ याची. म्हणजे हे नाव मुळात सहीचे नाव होते. ज्यांना स्वतःच्या नावाने सही करणे परवडणारे नव्हते, अशा अनेकांनी मिळून घेतलेले ते टोपणनाव होते.

येथे सर्वांत आधी ध्यानात घेतली पाहिजे अशी गोष्ट म्हणजे जे यंत्र फोडले गेले त्याचे वय. मोजे विणण्याचे यंत्र विल्यम ली याने १५८९ साली, त्याच नॉटिंगहॅमशायरमधील कॅल्व्हर्टन येथे बनविले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १८११ साली ते सव्वादोनशे वर्षांचे जुने होते. फोडणारे लोक मोजेविणकर होते. त्यांचे आजे-पणजे याच यंत्रावर बसून पोट भरीत आले होते आणि ते यंत्र पुष्कळांच्या राहत्या घरातच उभे असे. नव्या यंत्राच्या धास्तीने गांगरलेला अडाणी मनुष्य, हे जे चित्र ‘लडाइट’ या शब्दाने डोळ्यांपुढे येते, त्याला या वस्तुस्थितीत कोठेच जागा नाही.

मग तक्रार कशाबद्दल होती? यंत्र विणकराचे नसे. ते मोज्यांच्या व्यापाऱ्याचे असे आणि त्याचे भाडे मजुरीतून कापले जाई. काम असो वा नसो, भाडे चुकत नसे. काही व्यापारी मजुरी रोख न देता मालाच्या रूपाने देत. सात वर्षांची उमेदवारी न केलेल्या पोरांना यंत्रावर बसवून दर पाडले जात. आणि सर्वांत झोंबणारी गोष्ट ‘कापीव’ मालाची होती : रुंद यंत्रावर सलग कापड विणायचे, ते कात्रीने कापायचे आणि शिवून त्याचे मोजे म्हणून विकायचे. असा मोजा शिवणीवर उसवे. गिऱ्हाईक फसे, माल बदनाम होई आणि नीट घडीव मोजा विणणाऱ्याचा दरही त्याबरोबर घसरे. विणकरांचा राग या मालावर होता, ही बाब विशेष आहे. कारण तीत कारागिराची पोटाची चिंता आणि वस्तूच्या चांगुलपणाची चिंता एकमेकींपासून वेगळी काढता येत नाही. नेपोलियनशी चाललेले युद्ध, अमेरिकेची बंद पडलेली बाजारपेठ आणि महागलेला गहू यांनी ही तक्रार असह्य केली.

यंत्रे फोडण्याची पद्धतही याच तर्काला धरून होती. एकाच खोलीतील काही यंत्रे फोडली जात आणि शेजारची सोडून दिली जात; जो व्यापारी ठरलेला दर देई आणि कापीव माल काढीत नसे, त्याच्या यंत्राला बहुधा धक्का लागत नसे. भयगंडाने झपाटलेला जमाव असा निवडानिवड करीत बसत नाही.

लडच्या नावाने गेलेल्या पत्रांकडे वाङ्मय म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही, आणि ही उणीव साहित्याच्या अभ्यासकांची आहे. या पत्रांची भाषा एकजात शिवराळ किंवा धमकीची असेल, अशी वाचकाची अपेक्षा असते. धमक्या आहेत, आणि त्या पोकळ नव्हत्या. परंतु नॉटिंगहॅमच्या पत्रांतील विशेष वेगळा आहे : ती सरकारी खलित्याचा आव आणतात. १८१२ च्या आरंभीचे एक घोषणापत्र शेरवुडच्या अरण्यातील लडच्या ‘कचेरी’तून निघाल्याचे सांगते, आणि यंत्रे फोडण्याचा अधिकार दुसऱ्या चार्ल्स राजाने मोजेविणकरांच्या संघाला दिलेल्या सनदेवरून काढून दाखविते. ही सनद कल्पित नव्हे. ती १६६३ ची आहे, आणि तीत सदोष माल तपासण्याचा अधिकार संघाला होता. शेरवुडचे अरण्य म्हटले की इंग्रज वाचकाला रॉबिनहूड आठवणारच. एकीकडे लोककथेतला बंडखोर आणि दुसरीकडे राजाची सनद, या दोहोंचा आधार एकाच कागदावर घेणारा लेखक विनोदबुद्धीचा होता, आणि कायद्याची भाषा त्याच्या कानात चांगली मुरलेली होती. आपण कायदा मोडीत नसून मोडलेला कायदा अमलात आणीत आहोत, ही त्याची भूमिका आहे. तीत यंत्रद्वेषाचे तत्त्वज्ञान शोधू जाता सापडत नाही.

यॉर्कशायरमधील प्रकरण याहून कठीण आहे, आणि लडाइटांची बाजू मांडणाऱ्याने तेथून काढता पाय घेऊ नये. तेथे यंत्र खरोखरच माणसाला हुसकावीत होते. लोकरी कापडावरचे तंतू उभे करून ते सुमारे चाळीस पौंड वजनाच्या कात्रीने एकसारखे कातरणारे ‘क्रॉपर’ हे कापडधंद्यातील सर्वांत मानाचे कारागीर होते. तयार कापडाची किंमत त्यांच्या हातावर ठरे. तंतू उभे करणारे ‘गिग’ यंत्र आणि कातरयंत्र ही दोन्ही आली की त्यांच्या कसबाची गरजच संपे. तथापि येथेही हातघाईच्या आधी अर्ज-विनंत्यांची दीर्घ मालिका आहे. ‘गिग’ यंत्रास सहाव्या एडवर्डच्या काळापासून कायद्याने बंदी होती. क्रॉपरांनी तो कायदा पाळला जावा म्हणून वकील नेमले, साक्षी दिल्या, पार्लमेंटपर्यंत धाव घेतली. पार्लमेंटने १८०३ पासून ते जुने कायदे वर्षावर्षाने स्थगित ठेवले आणि १८०९ साली ते रद्द करून टाकले. त्या वर्षांत पुढे आलेल्या सूचनांपैकी दोन नमूद करण्याजोग्या आहेत : यंत्रे टप्प्याटप्प्याने आणावीत आणि काम गेलेल्यांना दुसरे काम शोधून द्यावे, अथवा यंत्रावर कातरलेल्या कापडावर यार्डामागे सहा पेन्स कर बसवून त्यातून बेकारांसाठी निधी उभारावा. यंत्राने होणाऱ्या नफ्यातील वाटा यंत्राने बेकार होणाऱ्यास मिळावा, ही मागणी आज अर्थशास्त्राच्या परिसंवादात नवी म्हणून मांडली जाते.

मार्सडेन गावी एनॉक आणि जेम्स टेलर हे लोहारबंधू कातरयंत्रे बनवीत. क्रॉपर ज्या मोठ्या घणाने ही यंत्रे फोडीत तो घणही टेलरांच्याच भट्टीतला असे, आणि त्याला ते ‘एनॉक’ म्हणत. एनॉकने घडविले ते एनॉकच मोडील, असा त्यांचा परिहास होता. यंत्र कोणी बनविले, कोठे बनविले, त्याचा कोणता भाग मोडला म्हणजे ते निकामी होते, हे या माणसांना नेमके ठाऊक होते.

१८१२ च्या एप्रिलमध्ये या लढ्याने टोक गाठले. ११ तारखेच्या रात्री विल्यम कार्टराइटच्या राफोल्ड्स येथील गिरणीवर चाल करून गेलेल्या जमावाला आतून बंदुकांनी उत्तर मिळाले आणि त्यांतील दोघे जखमी होऊन मरण पावले. २८ तारखेला विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकावर दबा धरून गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांतच त्याचा अंत झाला. हा खून होता. त्याला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. त्याबद्दल १८१३ च्या जानेवारीत जॉर्ज मेलर व त्याचे दोन साथीदार यॉर्क येथे फासावर गेले, आणि आठवड्याभरातच राफोल्ड्सवरील हल्ला, शस्त्रांसाठी घातलेले दरोडे इत्यादी आरोपांवरून आणखी चौदा जणांना तेथेच फाशी देण्यात आली. क्रॉपरांचा धंदा वाचला नाही. तत्कालीन निवेदनानुसार १८०६ ते १८१७ या काळात यॉर्कशायरमधील ‘गिग’ गिरण्या ५ च्या ७२ झाल्या, यंत्राने चालणाऱ्या कात्र्या १०० च्या १,४६२ झाल्या, आणि ३,३७८ कारागिरांपैकी १,१७० पूर्णतः बेकार व १,४४५ अर्धबेकार झाले. काम जाईल ही त्यांची भीती भ्रम नव्हती. ते त्यांचे अचूक भाकीत होते.

लँकशायरमध्ये रोख यंत्रमागांवर होता. तेथे वेस्टहॉटनची गिरणी जाळली गेली, परंतु धान्याच्या महागाईचे दंगे, हेरांची कारस्थाने आणि राजकीय असंतोष यांची तेथे इतकी सरमिसळ झाली आहे की प्रस्तुत विषयाला तिचा फारसा उपयोग नाही.

दुसरा मार्ग त्यांना मोकळा होता काय, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १७९९ व १८०० च्या कायद्यांनी कामगारांना संघटना करण्यास मनाई केली होती आणि ती १८२४ पर्यंत टिकली. नॉटिंगहॅमचा ग्रॅव्हनर हेन्सन याने १८१२ साली, यंत्रफोडीच्या ऐन भरात, सनदशीर मार्गाने मोजेधंद्यातील लबाडीला आळा घालणारे विधेयक पार्लमेंटपुढे आणविले. कनिष्ठ सभागृहाने ते संमत केले. जुलैमध्ये उमरावांच्या सभागृहाने फेटाळले. त्याच सभागृहाने काही महिन्यांपूर्वी यंत्र फोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा देणारे विधेयक मंजूर केले होते. तोवर या गुन्ह्याला चौदा वर्षांपर्यंत हद्दपारी होती. बंदोबस्तासाठी सुमारे बारा हजार सैनिक लागले. वेलिंग्टनने १८०८ साली पोर्तुगालला नेलेले सैन्य याहून लहान होते.

त्या देहान्ताच्या विधेयकाला बायरनने २७ फेब्रुवारी १८१२ रोजी विरोध केला. उमरावांच्या सभागृहातील त्याचे हे पहिलेच भाषण. त्याची जहागीर नॉटिंगहॅमशायरमध्येच होती, त्याने उपासमार पाहिली होती, आणि त्या भाषणातील संताप अस्सल आहे. परंतु गैरसमजाचा आरंभही तेथेच झाला आहे, ही गोष्ट बायरनच्या चाहत्यांकडून सहसा सांगितली जात नाही. नव्या धर्तीच्या यंत्रामुळे एकच माणूस अनेकांचे काम करू लागला आणि बाकीचे बेकार झाले, असे त्याने नॉटिंगहॅमविषयी सांगितले. नॉटिंगहॅमचा तंटा तसा नव्हता. तो दराचा, भाड्याचा आणि मालाच्या प्रतीचा होता. ‘माणूस विरुद्ध यंत्र’ हा विरोध वक्तृत्वाला सोयीचा असतो. ‘कापीव मोजा विरुद्ध घडीव मोजा’ हा नसतो. मित्रानेच केलेला हा अनुवाद पुढे शत्रूच्या कामी आला.

साहित्यात या घटनेची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा शार्लट ब्रॉन्टे हिच्या १८४९ च्या ‘शर्ली’ या कादंबरीत आहे. राफोल्ड्सच्या घटनेच्या काळात तिचे वडील जवळच्याच हार्ट्‌सहेड येथे धर्मोपदेशक होते, आणि लेखनापूर्वी तिने ‘लीड्स मर्क्युरी’चे जुने अंक चाळले होते. कादंबरीतील गिरणीमालक रॉबर्ट मूर याच्यावर लेखिका आंधळेपणाने भाळलेली नाही. त्याचा कोरडेपणा तिने पुरेपूर दाखविला आहे. तथापि कामगारांच्या चित्रणात तिची लेखणी वेगळ्याच रीतीने चालते. बंडाचे पुढारी दारूबाज, कर्जबुडवे, बाहेरगावचे उपटसुंभ म्हणून येतात. शिष्टमंडळाचा म्होरक्या मोझेस बॅरक्लॉ हा ढोंगी उपदेशक आहे. मूरवर गोळी झाडणारा मायकेल हार्टली हा धर्मवेडाने अर्धवट झालेला विणकर आहे. गिरणीवरील हल्ल्याचे प्रसिद्ध दृश्य तर वाचकाला जवळून दिसतच नाही : कॅरोलाइन आणि शर्ली या दोघी रात्री शेतातून धावत येतात, दूर थांबतात, आणि काचा फुटण्याचे, आरोळ्यांचे, बंदुकांचे आवाज ऐकतात. कलादृष्ट्या हा प्रसंग उत्कृष्ट आहे. परंतु त्याची योजनाच अशी आहे की हल्ला करणारे लोक अंधारातला एक गलका म्हणूनच वाचकापर्यंत पोहोचावेत.

असे असूनही या कादंबरीत एक प्रसंग असा आहे की तो लेखिकेच्या एकूण योजनेला पुरून उरतो. विल्यम फॅरन हा सचोटीचा, बेकार झालेला कामगार मूरपुढे उभा राहतो. यंत्रे आणू नका, असे तो म्हणत नाही. बदल जरा सावकाश करा, आम्हाला थोडा अवधी द्या, एवढेच तो मागतो. क्रॉपरांच्या पार्लमेंटपुढील मागणीचा गाभाच ब्रॉन्टेने येथे, कळत वा नकळत, एका माणसाच्या तोंडी ठेवला आहे. मूर नकार देतो. पुढे त्याचे मन त्याला खाते आणि तो यॉर्क नावाच्या ओळखीच्या गृहस्थाकडे फॅरनला बागकामाची नोकरी मिळवून देतो. एका संपूर्ण धंद्याने केलेल्या मागणीचे उत्तर एका व्यक्तीवरील दयेने दिले गेले, आणि कादंबरीला त्यात काही विसंगत वाटत नाही. ‘शर्ली’वरील समीक्षेत स्त्रीच्या परवशतेची चर्चा विपुल झाली व ती योग्यच आहे, फॅरनच्या विनंतीला मात्र तिच्या वजनाइतकी जागा अजून मिळालेली नाही.

पुढील शंभर वर्षे ‘लडाइट’ हे प्रामुख्याने इतिहासातील एका चळवळीचे नाव राहिले. त्याला मनोवृत्तीचे नाव म्हणून प्रतिष्ठा मिळवून देण्यात सी. पी. स्नो यांच्या केंब्रिज येथील १९५९ च्या ‘दोन संस्कृती’वरील व्याख्यानाचा वाटा मोठा आहे. साहित्यिक बुद्धिमंत हे जात्याच लडाइट असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते : औद्योगिक क्रांती त्यांना समजली नाही, समजून घेण्याची इच्छाही झाली नाही. या व्याख्यानावर एफ. आर. लीविस यांनी १९६२ साली जो प्रखर हल्ला केला, त्यात स्नो यांच्या कादंबरीकार म्हणून असलेल्या योग्यतेचाच निकाल लावला गेला, आणि संज्ञेचा प्रश्न बाजूला राहिला. वास्तविक स्नो यांच्या विधानातील दोष साधा आणि मूलभूत आहे. ज्यांनी कधी कारखान्यात पाऊल ठेवले नाही, अशा प्राध्यापकांना आणि कवींना त्यांनी ज्यांचे नाव दिले, ते लोक यंत्रावर जन्म काढलेले होते. यंत्राशी ज्यांचे नाते सर्वांत निकटचे, त्यांचे नाव यंत्राशी ज्यांचे नाते सर्वांत दूरचे त्यांना चिकटले. स्नो यांना अभिप्रेत असलेल्या बुद्धिमंताचा पूर्वज शोधायचाच असेल, तर तो मेलर किंवा हेन्सन नव्हे. कापीव मोजा आणि घडीव मोजा यांतला फरक न कळलेला बायरन कदाचित शोभला असता.

यावर उत्तर त्याच काळात तयार होत होते, हा योगायोग मनोरंजक आहे. एरिक हॉब्सबॉम यांनी १९५२ च्या निबंधात यंत्रफोड हे संघटनेला बंदी असलेल्या काळातील सौदा करण्याचे साधन होते, असे दाखविले. यंत्राविषयीचा वैरभाव तीत असेलच असे नाही. ई. पी. टॉमसन यांचा इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या घडणीवरील ग्रंथ १९६३ साली आला आणि त्याने क्रॉपर व विणकर यांना त्यांच्या स्वतःच्या अनुभवाच्या कसोटीवर पारखले. म्हणजे गेली साठ वर्षे या संज्ञेचा रूढ वापर इतिहासाच्या विरुद्ध चालला आहे, आणि तो अज्ञानामुळे चालला आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

गैरवापर केवळ निंदकांनीच केला असे नाही. अमेरिकेत १९९० नंतर काही विचारवंतांनी ‘नव-लडाइट’ हे बिरुद अभिमानाने धारण केले. कर्कपॅट्रिक सेल यांनी १९९५ साली लडाइटांवर ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका सभागृहात घणाने संगणक फोडून दाखविला. नॉटिंगहॅमच्या विणकराला हे दृश्य खचितच चमत्कारिक वाटले असते. ज्या यंत्रावर कोणाची मजुरी अडलेली नाही, ज्याच्या मालकाशी काही वाटाघाट चालू नाही, असे यंत्र टाळ्यांसाठी फोडणे ही प्रतीकपूजा झाली. निंदकाने लडाइटाला मूर्ख ठरविले, पूजकाने त्याला ऋषी बनविले. त्याची मागणी काय होती हे दोघांनीही विचारले नाही.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील ‘लडाइट तर्कदोष’ ही संज्ञा याहून गंभीर आहे, कारण तिच्यामागे एक खरा मुद्दा आहे. यंत्रामुळे माल स्वस्त होतो, मागणी वाढते, नवे धंदे निघतात आणि एकूण रोजगार दीर्घकालात घटत नाही, असा हा मुद्दा. आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांचा अनुभव मोठ्या प्रमाणात त्याच्या बाजूने आहे. परंतु तर्कदोष ठरण्यासाठी तो तर्क कोणीतरी केलेला असावा लागतो. जगातील एकूण रोजगार कायमचा घटेल, असा सिद्धान्त क्रॉपरांनी मांडलेला नाही. आपले काम जाईल, हे त्यांनी सांगितले आणि ते खरे ठरले. दीर्घकालाचा हिशेब ज्यांच्या नावे जमा होतो आणि अल्पकालाचा ज्यांच्या नावे खर्ची पडतो, ती माणसे निराळी असतात. खुद्द डेव्हिड रिकार्डो यांनी आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथाच्या १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर एक नवे प्रकरण घातले आणि यंत्रामुळे कामगारवर्गाचे नुकसान होऊ शकते असे, आपले पूर्वीचे मत बदलून, मान्य केले. रिकार्डो यांना लडाइट म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.

मराठीत या संज्ञेला ‘यंत्रविरोधक’ किंवा ‘यंत्रद्वेष्टा’ असा प्रतिशब्द योजण्यात येतो, तेव्हा इंग्रजीतील चूक अधिकच पक्की होते. कारण इंग्रजी शब्दात निदान एक व्यक्तिनाम शिल्लक आहे व त्याचा माग काढता येतो, मराठी प्रतिशब्दात तेवढाही दुवा उरत नाही. आपल्याकडील वादांवर या प्रतिशब्दाची छाया पडलेली आहे. महात्मा गांधींना यंत्रद्वेष्टे ठरविणारे लेखन मराठीत थोडे नाही. परंतु १९२४ साली त्यांनी आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या हव्यासाला आहे असा खुलासा केला आणि शिवणयंत्राला आवर्जून अपवाद केले, ही गोष्ट त्या लेखनात क्वचितच येते. याहूनही जवळचे उदाहरण मुंबईच्या गिरणगावचे आहे. १९२८ साली सुमारे दीड लाख कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला, त्याच्या कारणांत मजुरीतील कपातीबरोबरच ‘सुसूत्रीकरणा’चा प्रश्न होता : दोन माग चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, सूतकताईत एका बाजूऐवजी दोन सांभाळाव्यात. यात नवे यंत्र कोठेच नव्हते. माग तोच, माणूस तोच. बदलला होता तो दोघांमधील करार. ‘यंत्रविरोधक’ या शब्दाने या संपाचे वर्णन करू पाहणाऱ्यास त्याचा विषयच सापडणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी चाललेल्या आजच्या वादात हीच गोष्ट पुन्हा घडत आहे. २ मे २०२३ रोजी अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी लेखकांच्या संघाने संप पुकारला आणि तो १४८ दिवस चालला. मानधनाच्या मागण्यांबरोबर त्यात लेखन करणाऱ्या यंत्राचा प्रश्न होता, आणि त्या निमित्ताने ‘लडाइट’ हा शब्द पुन्हा दोन्ही बाजूंनी वापरात आला. सप्टेंबरात जो करार झाला त्यात यंत्राला बंदी नाही. यंत्राने तयार केलेला मजकूर लेखकाचे साहित्य म्हणून गणला जाणार नाही; तो वापरण्याची सक्ती निर्मात्याला लेखकावर करता येणार नाही; लेखकाच्या हाती दिलेल्या मजकुरात यंत्रनिर्मित भाग असल्यास तसे सांगावे लागेल; आणि लेखकाला स्वतः यंत्र वापरायचे असल्यास निर्मात्याच्या संमतीने तो ते वापरू शकेल. हेन्सनच्या फेटाळलेल्या विधेयकाशेजारी हा करार ठेवून वाचला, तर माल कोणाच्या नावावर खपतो, तो कसा बनला हे सांगण्याचे बंधन कोणावर, आणि दर कोणी ठरवायचा, हेच प्रश्न दोन्हीकडे आढळतात. १८१२ साली असा करार करू पाहणाऱ्या संघटनेला कायद्याने मनाई होती.